जोडीदार जाण्याआधीची आणि गेल्यानंतरची तब्येत : मेडिकलच्या काउंटरवरून

पेठेतला_मेडिकलवाला | रविवार, रात्री ९.५०

राम राम मंडळी.

आमचं मेडिकल कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, वडिलांच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचं. कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाचं थायरॉईड हे चिठ्ठी न बघता पाठ असतं. डॉक्टरकडं माणूस तीन-चार महिन्यांनी जातो, आमच्याकडं दर महिन्याला येतो. त्यामुळं एक गोष्ट आम्हाला डॉक्टरांच्या आधी दिसते. नवरा-बायकोपैकी एकजण अंथरुणाला खिळला की दुसऱ्याच्या गोळ्या बंद होतात.

एक मावशी सांगतो. काकांना पॅरालिसिस झालेला. दर महिन्याला डायपर, युरिन बॅग, पाठीच्या जखमेचं मलम आणि काकांच्या गोळ्या असं सगळं पिशवीत भरून न्यायच्या. मी विचारायचो, "मावशी, तुमची बीपीची?" "हाय की घरात पाकीट. मी घेतो की नंतर, आधी ह्यांचं दे." घरात पाकीट नव्हतंच. कॉम्प्युटरला त्यांच्या नावावरची शेवटची खरेदी गणपतीतली दिसत होती आणि शिमगा तोंडावर आलेला. काका गेले. दिवसकार्य झाल्यावर मावशींना चक्कर आली, लेकीनं दवाखान्यात नेलं, तर वरचं बीपी दोनशेच्या घरात. सगळी गल्ली म्हणाली, धक्क्यानं वाढलं. मला तसं वाटत नाही. ते कधीचं वाढलेलं होतं. काका गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मोजलं, एवढंच.

या धाग्यात मला मुख्य बोलायचंय ते हेच. "ती गेली आणि त्यानं हाय खाल्ली", "ते गेले आणि वर्षात ह्याही गेल्या" असं आपण म्हणतो, तेव्हा मोजणी मरणाच्या दिवसापासून सुरू करतो. तब्येतीची घसरण त्याच्या कितीतरी आधी, आजारपण घरात शिरतं तेव्हाच सुरू झालेली असते.

यावर अभ्यास झालेले आहेत, सगळे तिकडचे. १९९९ साली शुल्झ आणि बीच या अमेरिकन संशोधकांनी ६६ वर्षांवरच्या जोडप्यांचा चार वर्षं माग काढला. आजारी जोडीदाराची सेवा करणारे आणि त्या सेवेचा ताण जाणवणारे जे होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. सेवा करत होते पण ताण जाणवत नव्हता, अशांच्यात तसा फरक सापडला नाही. २००६ मध्ये क्रिस्टाकिस आणि ॲलिसन यांनी अमेरिकेतल्या पाच लाखांवर वृद्ध जोडप्यांच्या नोंदी तपासल्या. जोडीदार नुसता हॉस्पिटलमध्ये दाखल झाला तरी दुसऱ्याचा धोका वाढतो, आणि किती वाढतो ते आजारावर ठरतं. आतड्याच्या कॅन्सरनं दाखल झाला तर जवळजवळ काही फरक नाही. डिमेन्शिया किंवा मानसिक आजार असेल तर धोका चांगलाच वाढतो. म्हणजे आजार जीवघेणा किती यापेक्षा तो घरच्या माणसाला रोज किती पिळतो, यावर गणित आहे.

आता नंतरचं. यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास इंग्लंडमधला, १९६९ चा. पार्क्स आणि सहकाऱ्यांनी बायको वारलेल्या, ५५ वर्षांवरच्या ४४८६ पुरुषांची नऊ वर्षांची नोंद बघितली. पहिल्या सहा महिन्यांत त्यातले २१३ गेले. त्याच वयाच्या संसारी पुरुषांच्या मानानं हे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा. पुढं ते हळूहळू खाली येऊन इतरांच्या बरोबरीला आलं. म्हणजे पहिले सहा महिने जपायचे.

काउंटरवर पुरुष आणि बायका यांच्यात मला सरळ फरक दिसतो. बायको गेलेला माणूस येतो आणि म्हणतो, "माझ्या गोळ्या द्या." कुठल्या? "ती एक पांढरी, एक पिवळी, आणि एक अर्धी करून द्यायची ती." चाळीस वर्षं गोळी हातावर आणि पाण्याचा तांब्या समोर आलेला. नाव, डोस, जेवणाआधी की नंतर, काही ठाऊक नाही. बाईला स्वतःच्याच नाही, सासऱ्यांच्या गोळ्यांचीही नावं पाठ असतात. पण नवरा गेल्यावर ती पाकीट घेत नाही, "पाचच दे" म्हणते. विचारलं तर "लेकाला कशाला खर्च." रक्त पातळ करायची गोळी तर सगळ्यात आधी सुटते, कारण ती न घेतल्यानं दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही.

आणि तिसरं गिऱ्हाईक म्हणजे नातेवाईक. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन उरकून पुतण्या दुकानात हजर. "काकूला झोप नाही, एक झोपेची गोळी द्या." चिठ्ठी? "आता कुठं डॉक्टर गाठू?" अल्प्राझोलम शेड्यूल एच-वनमध्ये येतं, वेगळ्या रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव लिहावं लागतं, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. नाही म्हटलं की आम्ही माणुसकी नसलेले. पण सत्तरीची बाई ती गोळी घेऊन रात्री दोनला बाथरूमला उठली आणि खुबा मोडला, तर त्या माणुसकीचं काय करायचं?

तुमच्या घरात, शेजारात काय बघितलंय ते लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत.

रंकाळाफेरी | सोमवार, सकाळी ७.४०

ती पांढरी-पिवळी गोळीवाला माणूस म्हणजे मीच. तुमच्या दुकानात येत नाही, पण मीच.

वय ७१, साखर कारखान्यातून निवृत्त. सौ. दोन वर्षांपूर्वी गेली, किडनीचं दुखणं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मी रिक्षानं न्यायचो, चार-चार तास बाहेरच्या बाकड्यावर बसायचो. त्या बाकड्यावर माझ्यासारखे बरेच होते. वडा-चहा, वडा-चहा. शुगर असलेला माणूस मी, आणि दुपारचं जेवण म्हणजे कँटीनचा वडा. त्या काळात माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) नऊ टक्क्यांच्या वर गेली होती. आजारी ती, आणि रिपोर्ट माझे बिघडलेले. मेडिकलवाले म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

ती गेल्यावर पहिल्या महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेलं. जेवायला कोण ना कोण वाढायचं. मग एकेक परत गेले. मुलगा पुण्याला, सुनेची नोकरी. मला चहा सोडून काही करता येत नव्हतं. डाळ शिजायला कुकरच्या किती शिट्ट्या, मीठ कुठल्या डब्यात, काय माहिती! खानावळ लावली. कोल्हापुरात खानावळीला तोटा नाही, पण तिथला तांबडा रस्सा रोज पोटात गेला की काय होतं ते विचारू नका. पाय सुजायला लागले. डॉक्टरनं मीठ कमी करा म्हटलं. खानावळवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आबा, चाळीस ताटं लागतात, तुमचं एक वेगळं कसं करू?" त्याचंही बरोबर.

दुसरी गोष्ट म्हणजे फिरणं. आम्ही दोघं रोज रंकाळा तलावावर जायचो. ती गेल्यावर मी बंद केलं. दुःख होतंच, पण खरं कारण वेगळं. पहिल्या दिवशी संध्यामठापासून टॉवरपर्यंत जाईतो कितीतरी जणांनी थांबवून "काय झालं हो एकदम?" विचारलं. एकदम कुठलं, तीन वर्षं चाललेलं! प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. सात-आठ महिने गेलो नाही. गुडघे धरले, वजन आधी उतरलं, मग नको तिथं वाढलं.

आता परत जातो. आमचा पाचजणांचा ग्रुप झालाय, त्यातले तिघं माझ्यासारखेच. कुणी कुणाला काही विचारत नाही. राजकारण, ऊसदर, आणि कुणाच्या लेकानं फोन केला नाही. एकजण दर रविवारी मटण करायला शिकवतो. पांढरा रस्सा अजून जमत नाही, फाटतो.

चपलेचा_अंगठा | सोमवार, सकाळी ८.१५

आबा, नारळाचं दूध घातल्यावर उकळी आणू नका. हळू आचेवर ठेवा, ढवळत राहा. फाटणार नाही.

शंकासुर | सोमवार, सकाळी ११.०५

धागा चांगला, पण आकड्यांवर मला शंका आहे. नवरा-बायको एकाच घरात राहतात, एकच तेल खातात, एकाच चुलीचा धूर घेतात, एकाच उत्पन्नात भागवतात. गरीब घरातली बायको लवकर जाते आणि नवराही लवकर जातो, यात दुःखाचा काय संबंध? दोघं एकाच कारणानं गेले. शिवाय तब्येतीनं धडधाकट माणूस दुसरं लग्न करतो आणि 'विधुर' या रकान्यातून बाहेर पडतो. मागं उरतात ते आधीच खंगलेले. मग आकडा वाढणारच. "प्रेमानं प्राण सोडला" हे सिनेमात ठीक आहे.

आणि ते सगळं अमेरिका-इंग्लंडचं. आपल्याकडं लेक-सून-नातवंडं घरात असतात.

पेठेतला_मेडिकलवाला | सोमवार, दुपारी २.३०

शंका रास्त आहे, आणि संशोधकांनाही ती होतीच. तिच्यावर एल्वर्ट आणि क्रिस्टाकिस यांनी २००८ साली झकास तोड काढली. ज्या पुरुषांची घटस्फोटित पहिली बायको आणि आत्ताची बायको अशा दोघींची नोंद होती, त्यांच्याकडं बघितलं. माणूस जशी बायको निवडतो, ज्या थरातली निवडतो, त्यामुळं आकडा वाढत असेल तर पहिली गेल्यावरही तो वाढायला हवा. तसं झालं नाही. आत्ताची बायको गेली की नवऱ्याचा धोका वाढतो. सोडलेली गेली तर विशेष काही होत नाही.

त्याच दोघांनी त्याच वर्षी पावणेचार लाखांच्या आसपास वृद्ध जोडप्यांचा हिशेब मांडला. वय, उत्पन्न, आधीचे आजार लक्षात घेऊनही धोका पुरुषांत १८ टक्के आणि बायकांत १६ टक्के जास्त निघाला. म्हणजे आपण समजतो तसं फक्त पुरुषच कोसळतात असं नाही.

एकत्र कुटुंबाचा मुद्दा मात्र तुमचा वजनदार आहे. एल्वर्ट-क्रिस्टाकिस यांच्याच २००६ च्या एका वेगळ्या अभ्यासात अमेरिकेतल्या गोऱ्या वृद्धांत हा परिणाम ठसठशीत दिसला आणि काळ्या वृद्धांत दिसला नाही. त्यासाठी जी कारणं सुचवली गेली, त्यात घरात इतर नातलग असणं हे एक होतं. पण आता तुम्हीच सांगा, आपल्या पेठेत किती घरांत लेक-सून राहिलेत? निम्मी घरं पुण्याला आणि बेंगळुरूला गेली.

चपलेचा_अंगठा | सोमवार, दुपारी २.४१

सोडलेली गेली तर काही होत नाही हे कळायला एवढा अभ्यास लागला? आमच्या गल्लीतल्या एकाला विचारायचं की.

(गंमत केली. धागा गंभीर आहे, चालू द्या.)

सिस्टर_आक्का | सोमवार, रात्री १०.२०

मी आयसीयूमधून निवृत्त झालेली नर्स. शंकासुरांच्या सिनेमावाल्या वाक्यावर लिहायचंय.

जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये हृदयाचा एक विकार मांडला, टाकोत्सुबो. मोठा मानसिक धक्का बसला की हृदयाचा डावा कप्पा टोकाकडं फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. छातीत दुखतं, दम लागतो, ईसीजी हार्ट अटॅकसारखा येतो, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं. अँजिओग्राफी करावी तर धमनीत तेवढा अडथळाच नाही. बहुतेक पेशंट पाळी गेलेल्या बायका. बऱ्याच जणींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण पहिले काही दिवस जिवाला धोका असतो. म्हणून स्मशानातून माणसं परत आली आणि घरात बाईच्या छातीत कळ आली, तर "रडून रडून झालंय, लिंबूपाणी द्या" करत बसू नका. टाकोत्सुबो आहे की खरा अटॅक हे घरात बसून मलाही कळत नाही. ईसीजी लागतो. मी हॉलमध्ये गादीवर पडलेल्या बाईला वास द्यायला कांदा फोडणारी माणसं बघितलेली आहेत.

खऱ्या अटॅकचाही धोका वाढतोच. ब्रिटनमधल्या ६० ते ८९ वयाच्या तीस हजारांवर लोकांच्या नोंदींत, जोडीदार गेल्यावर पहिल्या ३० दिवसांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचं प्रमाण दुप्पट दिसलं होतं (२०१४). पण दुप्पट वाचून घाबरू नका, मूळ आकडा हजारी एकाच्याही आतला आणि दुप्पट होऊन दीडच्या आसपास. दुःखात झोप उडते, नाडी आणि बीपी चढं राहतं, रक्त गोठायचा कल वाढतो. ज्याच्या धमन्या आधीच खराब आहेत त्याला तेवढं पुरतं. त्यात बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल वगैरे चालू असेल आणि गडबडीत एकदम बंद झालं तर छातीत दुखणं उफाळून येतं. ती गोळी एकदम सोडायची नसते.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट, जी मी दर थोड्या दिवसांनी बघायची. घरात मयत झालेलं, बाई दोन दिवस अन्नाला शिवलेली नाही, पण कुणीतरी काळजीनं तिला तिची शुगरची गोळी मात्र वेळेवर दिली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी गेली की साखर धडाधड उतरते. घाम, थरथर, मग बरळायला लागते. बाया म्हणतात अंगात आलं, किंवा तो गेलेला तिला बोलावतोय. ग्लुकोमीटर लावा की! पन्नासच्या खाली बघितलीय मी. शुद्धीवर असेल तर साखरपाणी पाजा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, उचलून दवाखान्यात न्या. आणि जेवत नसेल तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरला फोन करून विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

शिरोळची_लेक | मंगळवार, सकाळी ६.५५

आक्का, अंगात आलं म्हणणाऱ्या बाया आमच्या गावात अजून हाईत.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. दादा (वडील) गेले तेव्हा आई ५४ ची. नदीकाठची बाई, पहाटे उठून धारा काढायच्या, वैरण आणायची, भांगलायला जायचं. डॉक्टरनं कधी चालायला सांगायची पाळी आली नाही, तिचं चालणं रोजचंच होतं. दादा गेल्यावर आत्यांनी आणि चुलत्यांनी तिला घरात बसवली. बाहेर पाऊल नको, कुणाच्या दारात नको, सकाळी कुणाला तोंड दाखवायला नको. म्हशी चुलत्यांकडं. रानात गडी. सहा महिने ती त्या मधल्या खोलीत बसून होती. खिडकी एक, ती पण गोठ्याकडची. मी आले तेव्हा जिना चढताना धाप लागत होती. डॉक्टरनं तपासलं तर हिमोग्लोबिन आठ, वजन अकरा किलोनं कमी. लोक म्हणाले दुःखानं झुरली. झुरली खरंच, पण कुणी सहा महिने कोंडलेला धट्टाकट्टा गडी पण खंगेल की!

आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव केला, की विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. लोकांना हा मानाचा विषय वाटतो, आणि आहेच. मला तो तब्येतीचा पण वाटतो. जिच्या कपाळावर कुंकू आहे ती बाजारात जाते, भिशीला जाते, हळदीकुंकवाला जाते, शेजारणीबरोबर आरोग्य केंद्रात जाते. जिला चारचौघांत जायची चोरी, तिला बीपी तपासायला कोण नेणार? ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तिथं शंभर वर्षांनी बांगड्यांसाठी ठराव करावा लागतो, हे पण आहेच.

दुसरं, पैसा. दादांच्या नावावर ऊस, दादांच्या नावावर सोसायटीचं कर्ज, दादांच्या नावावर खातं. वारस नोंद होईपर्यंत बिल अडकलं. एका ऑफिसमधनं दुसऱ्या ऑफिसला. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला, परत झेरॉक्स, परत "साहेब जेवायला गेलेत". आई घरी आली की डोकं धरून बसायची. त्या डोकेदुखीला आम्ही गोळ्या देत होतो. वारस नोंद झाली, बिल जमा झालं, आणि डोकेदुखी थांबली. देवाशपथ सांगते.

आता म्हशी परत आणल्यात. दोन. आई सकाळी डेअरीला दूध घालायला स्वतः जाते. आत्या बोलत नाहीत आमच्याशी, ते एक बरं झालं.

नाव_नको | मंगळवार, रात्री ११.४८

नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या.

सगळे नंतरच्या ढासळण्याबद्दल लिहितायत. माझं उलट झालं. ह्यांना डिमेन्शिया होता, शेवटची पाच वर्षं. आधी नावं विसरले, मग मला ओळखेनात, मग संशय. रात्री तीनला उठून दार उघडायचे, "मला घरी जायचंय". मी दाराला आडवी गादी टाकून झोपायची. हात उगारायचे. शिकलेला, सभ्य माणूस, आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. माझं वजन ४१ वर आलं, पित्त, पाठ, केस गळाले, नागीण उठली. लेकीला सांगायची सोय नव्हती, ती म्हणायची, "आई, बाबांना वृद्धाश्रमात ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

ते गेले त्या रात्री मी नऊ तास झोपले. सकाळी जाग आली तेव्हा बाहेर बायका बसलेल्या आणि मी गाढ झोपलेली. नणंद म्हणाली, हिला काही वाटलेलं दिसत नाही.

आता वर्ष होत आलं. वजन ४९. पाठ दुखत नाही. पेटी शिकतेय. रडते, पण मी रडते ती त्या आधीच्या माणसासाठी, जो पाच वर्षांपूर्वीच गेला. हे कुठं बोलता येत नाही. नवरा गेल्यावर बाई बरी दिसायला लागली की लोक वाईट नजरेनं बघतात. माझ्यात काही खोट आहे का?

पेठेतला_मेडिकलवाला | बुधवार, सकाळी ९.१०

ताई, अजिबात नाही. तुम्ही लिहिलंत ते जसंच्या तसं अभ्यासात आहे. शुल्झ यांनीच २००१ मध्ये त्या जोडप्यांतल्या जोडीदार गेलेल्या लोकांकडं परत बघितलं. जे सेवा करून आधीच पिळून निघाले होते, त्यांची उदासी जोडीदार गेल्यावर आणखी वाढली नाही. स्वतःची औषधं, विश्रांती, डॉक्टरकडं जाणं उलट सुधारलं. ज्यांना सेवा करायची वेळच आली नव्हती, ते मात्र नंतर खचले आणि त्यांचं वजन उतरलं. अमेरिकेत डेट्रॉइट भागातल्या दीड हजारांवर वृद्ध लोकांना जोडीदार जिवंत असतानाच भेटून ठेवलं होतं, म्हणजे आधीचं आणि नंतरचं दोन्ही हातात होतं. त्यावर बोनानो यांनी २००२ मध्ये लिहिलं. जोडीदार गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक आधीही ठीक होते आणि नंतरही फारसे ढासळले नाहीत. साधारण दहातला एक आधी उदास होता आणि नंतर सुधारला. हे लोक निगरगट्ट असल्याचं कुठं आढळलं नाही.

नणंदेला हा धागा पाठवू नका, उगाच.

सिस्टर_आक्का | बुधवार, सकाळी ९.३२

ताई, नागीण उठली होती ना? साठीनंतर ताणात असलेल्या माणसात ती बघायला मिळते, शरीराची प्रतिकारशक्ती ढासळल्याची ती पावती. तुमचं अंग तेव्हाच सांगत होतं. पेटी चालू ठेवा.

याच्या उलट टोकाचंही लिहून ठेवते. दुःख काही महिन्यांनी हलकं व्हायला लागतं, पूर्ण जात नाही. पण सहा महिने, वर्ष उलटलं तरी माणूस रोज तिथंच अडकलेला, घराबाहेर पडत नाही, "मलाही न्यायला हवं होतं" म्हणतो, तर ते आता आजार म्हणून ओळखलं जातं आणि त्याला उपचार आहे. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीची वेगळी, १४५६७. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही मानसोपचार विभाग आहे.

शंकासुर | बुधवार, दुपारी १.०२

घटस्फोटित बायकांवरचा अभ्यास शोधून वाचला. मान्य. दुसऱ्या लग्नाचा माझा मुद्दा त्यानं सुटत नाही, पण मान्य.

नाव_नको ताई, माझ्या आईनं वडिलांचं असंच केलं होतं. तिला कुणी विचारलं नाही. मीही.

पुण्यातून_कोल्हापूर | बुधवार, रात्री ८.१५

माझे बाबा कोल्हापुरात, आई मागच्या महिन्यात गेली. मी १५ दिवस राहून परत आलो. पुण्याला चला म्हटलं तर ऐकत नाहीत, "माझी तालीम, माझी माणसं इथं." तालमीत आता जोर-बैठका नाहीत, कट्ट्यावर बसतात फक्त. रोज फोन करतो, "बरा आहे" याच्यापुढं काही बोलत नाहीत. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. पुण्यातून मी नेमकं काय करू? मेडिकलवाले, सांगा.

पेठेतला_मेडिकलवाला | बुधवार, रात्री १०.३०

"बरा आहे का" विचारू नका. त्यावर सगळेच "बरा आहे" म्हणतात. "आज काय जेवलात, कुणी केलं, किती वाजता" हे विचारा. सलग तीन दिवस "चहा-बटर" असं उत्तर आलं की समजायचं.

पुढच्या शनिवारी आलात की घरातल्या सगळ्या गोळ्या एका चादरीवर ओता. आईंच्या गोळ्या घरातून काढा, हे पहिलं. दोघांना बीपी असेल तर पाकिटं सारखीच दिसतात, आणि बाबा आईंची गोळी घेत बसतात. मी असं बघितलंय. वाया जाऊ नयेत म्हणून घेतात! उरलेल्या घेऊन डॉक्टरकडं बाबांना बरोबर न्या, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात सकाळ-दुपार-रात्र लिहून घ्या. वाराच्या खणांचा डबा आमच्यासारख्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो भरायचं काम तालमीतल्या एखाद्या दोस्ताला किंवा शेजारच्या वहिनींना द्या. तुम्ही फोनवरून "गोळी घेतली का" विचारलं की ते हो म्हणणार.

बीपी, शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन आत्ता बघून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत. वजनकाटा घरात ठेवा, महिन्यातून एकदा आकडा फोनवर घ्या. कपडे सैल दिसेपर्यंत थांबू नका. संध्याकाळी कट्टा सुटल्यावर ते कुठं जातात तेही कानावर ठेवा. नुकत्या एकट्या पडलेल्या माणसाला "चल, थोडी घेऊ" म्हणणारे बरेच भेटतात, आणि शुगरच्या गोळीवर रिकाम्या पोटी दारू म्हणजे आक्कांनी लिहिलेलं तेच प्रकरण.

जेवणासाठी खानावळीपेक्षा गल्लीत घरगुती डबा देणारी एखादी बाई शोधा. मीठ-तेल कमी सांगितलेलं त्या ऐकतात. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. ते काम आतापर्यंत आईच आठवणीनं करून घेत असतील, तर तुमच्या मोबाईलवर आठवण लावा.

पुण्याला नेण्याचा हट्ट या वर्षी तरी करू नका. कट्टा सुटला तर मग खरंच अवघड होईल.

पुण्यातून_कोल्हापूर | बुधवार, रात्री १०.५२

आईच्या गोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. ती पिशवी अजून फ्रिजवर आहे. तिच्यात आईचं इन्सुलिन पण असेल.

पेठेतला_मेडिकलवाला | बुधवार, रात्री १०.५५

इन्सुलिन असेल तर शनिवारपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी शेजारच्या वहिनींना फोन करून ती पिशवी उचलायला सांगा.

रंकाळाफेरी | गुरुवार, सकाळी ७.३०

पुणेकर, बाबा कुठल्या तालमीचे? व्यक्तिगत निरोपात कळवा. रविवारी मटणाला घेऊन येतो म्हणावं, माणूस घरापर्यंत न्यायला येईल. मीठ बेतानंच असतं.